दीडशेचा टायर

वहिनींना राग आला की त्या भांडी आपटत नाहीत. त्यांचा आवाज खाली येतो, भाषा शुद्ध होते, आणि एरवी नवऱ्याला "अरे ऐक" म्हणणारी ही बाई त्याला "आपण" म्हणू लागते. "आपण" कानावर पडलं की घरातल्यांना आपापली राहिलेली कामं आठवतात. सोमवारी संध्याकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये दिराने मोटारसायकलवरची चादर झटक्यात ओढली, खास खाली आणलेल्या खुर्चीवर बसून सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, नवऱ्याने मोबाइलचा कॅमेरा बायकोच्या चेहऱ्यावर रोखला, आणि वहिनी म्हणाल्या, "हे आपण कोणाला विचारून केलंत?"

टाळ्या थांबल्या. कॅमेरा चालूच राहिला, कारण तो बंद करायलाही धीर लागतो.

गाडी मुळात अर्धी रानाची, अर्धी रस्त्याची. उंच, सडपातळ, पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, टायरवर बटाट्याच्या फोडींएवढ्या गुठळ्या. पाणीपुरवठ्याची मोठी पाइपलाइन डोंगरातून येते, तिचे सांधे आणि व्हॉल्व्ह तपासत वहिनी वर्षानुवर्षं याच गाडीवर चिखलातून, गोट्यांतून हिंडल्या. मग पाइपलाइनला सेन्सर बसले. कुठे गळतंय ते पाइप स्वतःच ऑफिसला कळवू लागला आणि वहिनी घरी आल्या. शहरातल्या दुचाकी शिकवणाऱ्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली, तेव्हा त्यांना वाटलं, ही जागा आपलीच.

शाळेची परीक्षा ज्याच्या त्याच्या गाडीवर असते. शंकूंमधून इंग्रजी आठचा आकडा काढायचा, डावा वळसा आणि उजवा वळसा, पाय न टेकता. मग वेगात येऊन पांढऱ्या रेघेच्या आत थांबायचं. मागच्या महिन्यात वहिनींचा आठ असा निघाला की बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. ब्रेक दाबल्यावर मात्र डांबरावर गुठळ्यांना पकडच मिळेना. गाडी घसरत रेघ ओलांडून गेली. शाळेच्या मॅडम म्हणाल्या, "हात उत्तम आहे. रस्त्याची चाकं लावा आणि परत या. संधी एकच देता येईल."

ती संधी येत्या रविवारी होती.

मॅडमनी सांगितल्यापासून जेवणाच्या ताटावर घरात चाकं फिरत होती. दोन्ही चाकं सतरा इंची हवीत. पुढे एकशेदहा, मागे एकशेतीस मिलिमीटर रुंदीचा टायर, त्याला साजेशी अरुंद रिम. "आपलं इंजिन काही बैल नाही," वहिनी भाकरी मोडता मोडता सांगत. "जाड टायर ओढण्यातच त्याचा जीव जाईल. आणि मागे चेनच्या बाजूला जागा मोजकीच आहे." नवरा "हं" म्हणे. या माणसाचा निम्मा संसार "हं"वर झाला होता. लग्नाला होकारसुद्धा त्याने याच अक्षरात दिला, असं सासूबाई सांगतात.

मग वहिनी चार दिवस बहिणीकडे गेल्या आणि मागे दोन भावांना प्रेमाचं भरतं आलं. चाकं रिमवाल्याकडे गेली. त्याने जुन्या रिमा सोडवल्या आणि चाकाच्या मधल्या त्याच हबवर नव्या सतरा इंची रिमा स्पोकने विणल्या. जुन्या रिमा नि टायर बदल्यात देऊन टाकले. म्हणजे माघारी फिरायची वाट आधीच विकून झाली होती.

"वहिनी, सरप्राइज काय विचारून देतात होय?" दीर म्हणाला. हा गृहस्थ व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेला. प्लंबर आला तर त्याला नळ शिकवतो, डॉक्टरकडे गेला तर त्याला औषध. स्वतःच्या अंगाखाली स्कूटर, तीही ऑटोमॅटिक.

वहिनी वाकून मागच्या टायरवरचा आकडा वाचत होत्या. "भाऊजी, मी एकशेतीस म्हटलं होतं."

"दीडशे बसवलाय! वीस जास्तच दिले की. कमी दिला असता तर बोलायचं. मागून कशी भरलेली दिसते बघा!"

"मागून मी बघणार नाही. मी वर बसणार आहे."

"अगं," सासूबाई मध्ये पडल्या, "दोन बोटं कापड जास्त दिलं म्हणून शिंप्याशी कोणी भांडतं का?"

"अंगाला बसलं नाही तर भांडतं, आई."

नवरा हळूच म्हणाला, "आवडेल तुला. चालवून तर बघ."

वहिनींनी गाडी थोडी पुढे घेतली, स्टँड लावला आणि उतरल्या. गाडी खुजी झालेली, स्टँड मात्र पूर्वीच्याच लांबीचा. त्यामुळे ती कवायतीतल्या शिपायासारखी ताठ उभी राहिली, क्षणभर विचार केला, आणि पलीकडच्या अंगाला दिराच्या स्कूटरवर जाऊन पडली. दोन भावांनी ती आधी गटाराच्या जाळीत स्टँड रोवून उभी केली होती, हे तेव्हा कळलं.

"किरकोळ आहे," दीर आरशाचे तुकडे गोळा करत म्हणाला.

भेट दिलेल्या माणसाशी भांडता येत नाही. भेटीच्या हिशेबात देणाऱ्याची बाजू कायम जमेची, आणि घेणाऱ्याने तोंड उघडलं की तो कृतघ्न. वहिनींनी राग गिळला. रविवार तोंडावर होता. दीडशे तर दीडशे.

मंगळवारी त्या बंद पडलेल्या गोदामामागच्या फरशीवर गेल्या. शंकूंच्या जागी विटा मांडल्या. डावा वळसा झकास. इतका की गाडी आपणहून आत पडायची, मांडीवर येऊन बसणाऱ्या मांजरासारखी. उजव्या वळशाला तीच गाडी हटून बसली. वहिनी झुकवायच्या, ती उठायची. त्या ओढायच्या, ती बाहेर निघायची. शेवटी वीट उडाली, पाय टेकला, आणि तिसऱ्या खेपेला गाडी उजव्या गुडघ्यावर आली.

नवरा पाण्याची बाटली घेऊन बघायला आला होता. त्याने गाडी उचलायला हात लावला. "नवी चाकं आहेत. सवय व्हायला वेळ लागतो."

बुधवारी पुन्हा तेच. डावीकडे लोणी, उजवीकडे दगड. दीरही आला होता, स्कूटरला नवा आरसा लावून.

"वहिनी, तुम्ही उजवीकडे बघायला घाबरता. व्हिडिओत सांगतात, नजर जिकडे, गाडी तिकडे."

"भाऊजी, मी डोंगरात गाडी चालवत होते तेव्हा तुम्ही इमारतीच्या लिफ्टला घाबरत होता."

"म्हणून तर म्हणतो. डोंगर वेगळा, रस्ता वेगळा."

तो गेल्यावर नवरा विटेवर टेकला. वहिनींचा गुडघा सुजून पेरूएवढा झाला होता. तो त्याकडे बघत म्हणाला, "थोडं वयाचंही असतं गं. मनावर घेऊ नकोस."

"मनावर घेऊ नकोस" म्हणून सांगितलेली गोष्ट मनाखेरीज दुसरीकडे कुठे जाते? त्या संध्याकाळी वहिनींचा राग पहिल्यांदा घरच्यांवरून उठला आणि त्यांच्या स्वतःवर जाऊन बसला. आपलाच उजवा हात जड झाला असेल. नजरच गेली असेल. इतके दिवस घरी बसून अंगाला गंज चढला असेल. मॅडमना फोन करून नाव काढून घ्यावं, असंही एकदा मनात आलं. फोन हातात घेतला. बरं झालं, पलीकडे कोणी उचलला नाही.

गुरुवारी सकाळी त्या दूध आणायला गाडीवरूनच गेल्या. रस्ता मोकळा, सपाट, सरळ. हँडलवरची पकड त्यांनी सहज सैल केली आणि गाडी गुपचूप डावीकडे कलू लागली. पुन्हा सरळ केली, पुन्हा सैल सोडली. पुन्हा डावीकडे.

वहिनींनी गाडी कडेला थांबवली. सरळ रस्त्यावर, वळण नाही, वीट नाही, घाबरायला कोणी नाही, आणि गाडी डावीकडे जाते. यात वयाचा काय संबंध?

घरी येऊन त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली. आधी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा बघितल्या. चाकाचा आस दोन्हीकडे सारखाच ओढलेला होता. मग पाण्याने भरलेल्या दोन बादल्या गाडीच्या पुढे ठेवल्या, दोरी मागच्या टायरला पाठीमागून वळसा घालून दोन्ही अंगांनी पुढे आणली आणि टायरच्या कडांना चाटून जाईल अशी ताणून बादल्यांना बांधली. मागचा टायर जाड, पुढचा बारीक. पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरीपर्यंत सारखीच फट राहायला हवी. डावीकडे करंगळी मावेना. उजवीकडे दोन बोटं सहज गेली.

चाक वाकडं नव्हतं. अख्खं चाकच उजवीकडे सरकलेलं होतं. वहिनी खाली बसल्या आणि मागचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्यात डोकावल्या. डावीकडे, चेनच्या बाजूला, ऐसपैस जागा. उजवीकडे टायर दांड्याला मुका द्यायच्या बेतात. हे आपोआप होत नाही. एका बाजूचे स्पोक ताणून, दुसऱ्या बाजूचे सैल करून, कोणीतरी हे बसून, मन लावून केलेलं होतं.

रिमवाल्याच्या दुकानात छताला चाकं टांगलेली. तो एक चाक फिरवत स्पोकना चावी लावत होता.

"माझं मागचं चाक सरकवलंय तुम्ही."

"सरकवलंय म्हणजे?" तो दुखावला. "बाई, केसाएवढाही औट नाही त्यात. फिरवून बघा, डुलतंय का."

"औट नाहीये. जागेवर नाहीये."

"असं होय. जागेवर ते बसतच नव्हतं. दीडशे चेनला घासत होता. मी म्हटलं, एकशेचाळीस घाला. तर म्हणाले, नाही, दीडशेच पाहिजे, रिम उजवीकडे ओढा. ओढली."

"कोण म्हणालं?"

"दोघं आले होते. एक बोलणारे, एक मान हलवणारे."

वहिनींनी मान हलवणाऱ्याची चौकशी केली नाही. ती मान त्या रोज उशीवर बघत होत्या.

"आणि तुम्ही ओढलीत."

"गिऱ्हाईक म्हणालं." त्याने चाक थांबवलं. "पण विचारलं मी, चालवणार कोण. म्हणाले, बायको. म्हटलं, मग तिच्या कानावर घाला, वळताना फरक पडतो. मान हलवणारे म्हणाले, हं."

घरी नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. दीर फ्रिजला टेकून त्याला कांदा कसा चिरावा हे सांगत होता. सासूबाई लसूण सोलत होत्या.

"आपल्याला माहीत होतं?" वहिनी म्हणाल्या.

सुरी थांबली. दिराला काहीतरी काम आठवलं. तो दाराकडे सरकला.

"भाऊजी, जागेवर."

दीर जागेवर.

"काय माहीत होतं?" नवऱ्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याचं उत्तर चेहऱ्यावर आलं.

"चाक सरकवलंय ते. वळताना फरक पडतो ते."

"अगं, बाहेरून दिसत नाही ना ते. मला वाटलं, एवढ्याने काय होतं. हा इतक्या हौसेने सगळं करत होता, त्याचा हिरमोड कशाला…"

"त्याचा हिरमोड."

"तुला सवय होईल असं वाटलं."

"मी उजवीकडे पडले," वहिनी म्हणाल्या. "मंगळवारी पडले, बुधवारी पडले. तू विटेवर बसला होतास. तुला माहीत होतं चाक सरकलंय, आणि तू मला माझं वय सांगितलंस."

"आपण" संपलं होतं. लग्नापासून आजवर राग या पायरीच्या खाली कधी उतरला नव्हता. तिथे काय असतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"वहिनी, चूक झाली, पण हेतू चांगला…" दीर म्हणाला.

"तुमच्यावर मी चिडलेही नाही, भाऊजी. तुम्हाला कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही. तुमचं सगळं माफ आहे. याला कळत होतं."

सासूबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "लहानपणापासून असंच आहे या दोघांचं. धाकट्याने काच फोडायची आणि थोरल्याने त्यावर पडदा ओढायचा." मग मोठ्या लेकाकडे बघून म्हणाल्या, "आणि मी म्हणायचे, किती समजूतदार आहे माझा बाळ."

बाळ कांद्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं, पण कांद्यामुळे त्याचा फायदा मिळेना.

शुक्रवारी वहिनींनी चाक स्वतः सोडवलं आणि दिराच्या खांद्यावर दिलं. रिमवाल्याचं दुकान चांगलं लांब होतं.

"रिक्षा करूया ना, वहिनी."

"भरलेलं दिसतंय तुमच्या खांद्यावर. लोकांना बघू दे."

रिमवाल्याने रिम मधोमध आणायचं कबूल केलं. पण एकशेतीसचं नाव काढताच त्याने नकारार्थी मान हलवली, आणि ही मान खरी होती. रिमही रुंद घेतली होती दोघांनी. तिच्यावर एकशेतीस घातला तर टायरच्या कडा फाकतील, माथा चपटा होईल, आणि झुकताना गाडी एकदम पडल्यासारखी वाटेल. रविवारच्या आत अरुंद रिम मिळणार नव्हती. राहिला एकशेचाळीस. चेनपासून बारीक फट उरेल, पण घासणार नाही.

म्हणजे चूक सुधारतानाही वहिनींना त्यांनी निवडलेलं मिळणार नव्हतं. दुसऱ्यांच्या चुकीत जेवढी जागा शिल्लक राहिली, तेवढ्यातच निवडायचं. या विचाराने त्यांच्या कानशिलांत पुन्हा आग पेटली. ती आग घेऊनच त्या टायरच्या दुकानात शिरल्या, आणि दुकानदाराने एकदा बघून "बसा" म्हणायचा विचार रद्द केला.

एकशेचाळीसचे दोन टायर होते. एकाचं रबर मऊ, नक्षी अशी की गालिचा वाटावा. वहिनींनी त्याच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले. कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते त्यात असतं. हा टायर बराच काळ दुकानात उन्हाकडे तोंड करून बसलेला होता.

"हाच घ्या, वहिनी," दीर न राहवून म्हणाला. "नक्षी भारी आहे."

"नक्षी भिंतीला लावतात."

त्यांनी दुसरा घेतला. जरा टणक, दिसायला साधा, पाणी बाहेर काढायला खोल खाचा, आणि बनून जेमतेम दोन महिने झालेले. दीडशेचा टायर दुकानदार परत घेईना. "एकदा चढवलेला माल परत येत नाही, ताई." वहिनींनी तो दिराच्या दुसऱ्या खांद्यावर दिला.

येता येता, सोबत सोडवून आणलेला स्टँड वेल्डरकडून बोटभर कापून घेतला. संध्याकाळी पुन्हा दोरी ताणली. दोन्हीकडे सारखी फट.

शनिवारी त्या सकाळपासून फरशीवर होत्या. नव्या टायरवर एक गुळगुळीत थर असतो. तो निघेपर्यंत भरवसा ठेवायचा नाही, म्हणून आधी सावकाश, मग थोडं झुकून, मग आणखी. दुपारपर्यंत टायरच्या कडा खरखरीत झाल्या. मग विटा. डावीकडे गाडी आता उडी मारत नव्हती, सांगेल तेवढीच झुकत होती. आणि उजवीकडे, सुजलेल्या गुडघ्यानिशी, पहिल्याच खेपेला पूर्ण वळसा. वहिनींना आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी बुधवारची ती विटेवर बसलेली आकृती आठवली आणि राग असा उसळला की त्यांनी आठ न थांबता, न टेकता, पुन्हा पुन्हा काढला, पार अंधारून येईपर्यंत.

घरी नवरा दारात उभा होता. "उद्या मी येऊ?"

"ये."

त्याचा चेहरा उजळला.

"चालत."

रविवारी शाळेच्या मैदानावर मॅडम शिट्टी घेऊन उभ्या होत्या. आठचा आकडा त्यांनी दोनदा काढायला लावला. दुसऱ्यांदा बहुधा केवळ बघायला बरं वाटलं म्हणून. मग ब्रेक. वहिनी मैदानाच्या टोकाला गेल्या, वळल्या, गाडी वेगात आणली आणि शिट्टी वाजताच पुढचा ब्रेक आधी हलका, मग घट्ट आवळला. गाडीने मान खाली घातली, मागचं चाक पिसासारखं हलकं झालं पण सरळ राहिलं, आणि सगळं थांबलं. पांढरी रेघ अजून पुढेच होती, एक माणूस आडवा झोपेल एवढी पुढे.

मॅडम चाकांभोवती फिरल्या. "किती दिवस झाले ही लावून?"

"मागचं परवापासून."

"त्याआधी?"

"त्याआधी घरच्यांची भेट होती."

मॅडमना बहुधा घर होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. "उद्यापासून या. एकच सांगते, शिकणाऱ्यांवर ओरडायचं नाही."

"मी ओरडत नाही," वहिनी म्हणाल्या. "कोणालाही विचारा."

त्या हेल्मेट चढवत फाटकाशी आल्या तेव्हा नवरा पोहोचत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, एक बूट हातात. टाचेला फोड आला होता.

"झालं?"

"झालं."

"मग?"

"उद्यापासून."

तो एवढा मनापासून हसला की वहिनींना त्याचा आणखीनच राग आला. हा माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. त्याने मागच्या सीटवर हात ठेवला. "मी रिमवाल्याकडेच बोलायला हवं होतं."

"नाही."

"नाही?"

"तिथे नाही बोललास ते एक वेळ चाललं असतं. तिथे तुझ्यापुढे भाऊ होता. विटांपाशी सांगायला हवं होतंस. तिथे मी होते आणि गाडी माझ्या गुडघ्यावर होती."

त्याने त्या गुडघ्याकडे बघितलं. "हं" म्हणाला नाही, एवढं मात्र वहिनींच्या लक्षात आलं.

"बसू मागे?" शेवटी त्याने विचारलं.

"आज नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्याने हात काढेपर्यंत थांबून गाडी सुरू केली.